ओवलेली सुई

शिंप्याच्या मुलीला तीन विद्यापीठांनी प्रवेश दिला. तिचं मन बसलं होतं दोन दिवसांच्या प्रवासावरच्या विद्यापीठावर. निवडलं मात्र घराजवळचं, कारण बापाची नजर अधू झालेली आणि रोज त्याच्या सुया ओवून देणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. "इथली लायब्ररी मोठी आहे," ती म्हणाली. "लायब्ररीत पाऊल तरी टाकलंस का कधी?" बापानं विचारलं. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांचंही खरं माप घेणाऱ्या बापाला ही थाप कशी पचणार? त्यानं सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला आणि ऐटीत म्हणाला, "घे, ओवली! तुझ्यावाचून काही अडत नाही." दोरा नेढ्याच्या बाजूनंच गेला होता. तिनं बापाचा घामेजलेला चेहरा पाहिला. "एका झटक्यात ओवलीत, बाबा!" म्हणत तिनं लांबच्या विद्यापीठाचं होकारपत्र भरलं आणि सुयांची अख्खी डबी ओवायला घेतली.