झरीचं कार्ड

"पुन्हा एकदा वाच की," आश्रुबा म्हणाला.

मनमाडच्या फलाटावर काशीकडे जाणारी गाडी अजून यायची होती. पंचवीस दिवस दवाखान्यात काढून आश्रुबा निम्मा झाला होता. झरीचे हे दोघे बालमित्र काशीला निघाले, निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात पाय ठेवला न ठेवला तोच आश्रुबाला तापाने गाठलं. ताप उतरला तेव्हाच डॉक्टरांनी किशनरावाला बाजूला घेऊन बजावलं होतं, याचं काळीज फार नाजूक झालंय, जपून न्या, धक्का बसू देऊ नका.

किशनरावाने खिशातून कार्ड काढलं. वाचताना तो ते घट्ट धरायचा, वरच्या कोपऱ्यावर अंगठा रोवून. दोन दिवसांपूर्वी तो दूध आणायला गेला असताना दवाखान्याच्या शिपायाने हे कार्ड आश्रुबाच्या उशाशी ठेवलं होतं. आश्रुबाला अक्षरओळख नव्हती. किशनरावाने परत येऊन वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून आश्रुबाला त्या कार्डाचं वेडच लागलं.

"तुझा वैजीनाथ लिहितोय, माय खुशाल हाय. म्हैस व्याली. माय म्हणायलीय, सुनेच्या बाळंतपणापायी मला येता आलं न्हाई, माझ्या वाटणीचं गंगाजल तेवढं आणा. आन् हिरव्या बांगड्या."

आश्रुबा डोळे मिटून ऐकत होता.

"माघारी फिरायचं का?" किशनरावाने हळूच विचारलं. "परभणीची गाडीबी हितूनच सुटती."

"न्हाई. तिचं काशीचं काम केल्याबिगर मी घरात पाय ठेवायचा न्हाई."

बायकोच्या तांब्याभर पाण्यासाठी हा माणूस उरलासुरला जीव पणाला लावायला निघाला होता. तो काशीला पोचतो की वाटेतच राहतो, या काळजीने किशनरावाने त्याला धरूनच गाडीत चढवलं.

गाडीत आश्रुबा खिडकीला डोकं टेकून असायचा. बाहेरून पूल, नद्या, अनोळखी रानं सरकत जायची. अर्धवट झोपेतून तो म्हणायचा, "वाच." किशनराव वाचायचा. दर खेपेला कार्डात थोडी भर पडायची. आधी रेडकाच्या कपाळावर पांढरा टिळा आला. मग आश्रुबाच्या बायकोने, छबूबाईने, त्याला स्वतःच्या ताटातली भाकर चारली. मग ती निंबाखाली बसून नातवाला काजळ घालू लागली. अडाणी माणसाला कार्ड केवढं आणि मजकूर केवढा, याचा अदमास कुठला! आश्रुबा नुसता हसायचा.

काशीत त्याने हिरव्या बांगड्या एक एक निरखून घेतल्या. देवळापाशी मात्र बाहेरच बसला.

"ही गर्दी मला सोसायची न्हाई. तूच जा आत."

इतक्या लांब येऊन दारात बसणारा यात्रेकरू किशनरावाने पहिलाच पाहिला. पण त्याने आग्रह केला नाही.

घाटावर आश्रुबा भटजीबरोबर एकटाच खाली उतरला. किशनराव वर गाठोडी राखत बसला. नदीवर धुकं होतं. त्यात नावा विरत होत्या, माणसं विरत होती. आश्रुबाचं मुंडासंही दिसेनासं झालं. बऱ्याच वेळाने तो वर आला तेव्हा डोळे लाल होते.

"धूर गेला," तो म्हणाला. घाटावर धुराला काय तोटा!

परतताना हद्दीवर जकातीच्या शिपायाने गाठोडी सोडली. गंगाजलाचे दोन गडू निघाले, बांगड्या निघाल्या नाहीत.

"फुटल्या," आश्रुबा म्हणाला. किशनरावाने पुढे विचारलं नाही.

परभणीहून बैलगाडी केली. झरीची शीव आली तशी किशनरावाने गाडी थांबवली आणि कार्ड काढलं.

"आश्रुबा, आता खरं ऐक."

त्याने अंगठा उचलला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, मरणाची खबर कळवताना फाडतात तसा.

"आमची माय दोन दिवसांच्या तापाने वारली. वडिलांना सावकाश सांगावे," त्याने वाचलं आणि कार्ड खाली ठेवलं. "डाक्टरनं बजावलं होतं, गड्या. म्हणून खोटं वाचलं. मला माफ कर."

आश्रुबाने हंबरडा फोडला. बैलं दचकली. किशनरावाने त्याला छातीशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. हळूहळू हुंदके थांबले. काळीज टिकलं होतं. किशनरावाच्या डोक्यावरचं इतक्या दिवसांचं ओझं उतरलं आणि तो तोंड धुवायला शिवेवरच्या विहिरीकडे गेला.

तेवढ्यात वैजीनाथ धावत आला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर नुकते केस फुटत होते. आश्रुबाने गंगाजलाचा गडू त्याच्या हातात दिला.

"तुझ्या मायचं पिंडदान करून आलो. बांगड्याबी तिच्या नावानं गंगेतच सोडल्या."

"बा, तुमाला ठावं होतं?"

आश्रुबाने विहिरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"किशनला बोलू नको. लय जपून आणलंय त्यानं मला. कार्ड पयलं माझ्याच हाती आलं होतं. कोपरा बघून कळलं, कोणतरी गेलं. कोण गेलं, ते त्यानंच सांगितलं. मी नुसतं वाच म्हणायचो, आन् हा दर खेपेला तुझ्या मायचीच खुशाली वाचायचा."