जन्मात एकदाच

थोंगदामने धाकट्या भावाचं ओळखपत्र भिक्खूंपुढे ठेवलं आणि मान खाली घातली. विहाराचा नियम साऱ्या मुलखाला ठाऊक होता. बुद्धासमोर शपथ घ्यायची, पाच दिवस झाडपाल्याचं कडू औषध पिऊन ओकायचं, की दारू सुटली. पण हे औषध जन्मात एकदाच. शपथ मोडणाऱ्याला दार बंद. थोंगदामची ती एक वेळ चार वर्षांपूर्वीच होऊन गेली होती.

"नाव?" वृद्ध भिक्खूंनी विचारलं.

"विचियान."

भिक्खूंचे डोळे अधू होते आणि भावाभावांचे चेहरेही सारखेच. दारूच्या वाऱ्याला उभं न राहणाऱ्या विचियानचं नाव दारुड्यांच्या वहीत चढलं. काल त्यानेच ओळखपत्र पुढे केलं होतं. "माझ्या नावाचं काय एवढं? तू जगलास म्हणजे झालं," एवढंच तो म्हणाला होता. थोंगदामला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेजारी विद्यापीठातून आलेली एक बाई जुनी वही चाळत होती. औषधाचा खरंच गुण येतो का, हे तिला तपासायचं होतं.

"भन्तेजी, व्यसन पुन्हा लागलं म्हणून परत आलेले किती?"

"एकही नाही," भिक्खू म्हणाले. त्यांच्या मते ते खरंच होतं.

बाईचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने थोंगदामकडे पाहिलं. "तुमच्याच गावचा, तुमच्याच आडनावाचा थोंगदाम म्हणून आहे इथे. भाऊ का?"

"हो. थोरला."

"आता पितो?"

थोंगदामने समोरच्या ओळखपत्राकडे पाहिलं. 'तो मीच' असं खरं सांगावं, तर आल्या पावली परत जायचं. दारू सुटली नाही तर पुढचा पावसाळा तो बघणार नाही, असं डॉक्टरने आईला सांगितलं होतं.

"नाही हो ताई, शिवतसुद्धा नाही," सोबत आलेली आईच मागून बोलली. "पहाटे उठून शेतावर जातो. माझी औषधं आणतो. कधी आवाज चढवून बोलत नाही."

ती विचियानचं सांगत होती. थोरल्याचं चांगलं सांगण्यासारखं तिच्यापाशी काहीच नव्हतं.

बाईने थोंगदामच्या नावापुढे 'बरा झाला' असं लिहिलं.

"बघा, भाऊ सुधारला ना? मग तुम्हीही सुधाराल," ती आपुलकीने म्हणाली.

आईने तिला हात जोडले. थोंगदाम उठला आणि भावाच्या नावाने शपथ घ्यायला बुद्धासमोर जाऊन बसला.