पुलाअलीकडचे

नदीच्या पुलाअलीकडे आमचा फुटबॉल क्लब, पलीकडे त्यांचा. आम्हा पाठीराख्यांचा म्होरक्या म्हणजे कोपऱ्यावरचा न्हावी. त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याचा नियम एकच: पुलाअलीकडे जन्मला असेल त्यानेच ढोलाला हात लावायचा. त्यामुळे त्याचा जावई, आमच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा, निव्वळ पलीकडे जन्मला या गुन्ह्यापायी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहायचा.

आज सामना त्यांच्या मैदानावर होता. अगदी शेवटी आमचा गोल झाला आणि आम्ही येड्यासारखे एकमेकांच्या अंगावर कोसळलो. कुणाची चप्पल कुणाच्या हातात! भोंगा बाकावर चढला, ढोल बडवत गाऊ लागला, "अलीकडेच जन्मलो, अलीकडेच मरणार!" आम्ही सगळ्यांनी सूर धरला. जावयाने हट्टाने पहिल्यांदाच मॅचला आणलेली भोंग्याची म्हातारी आई तेवढी गप्प होती. गोलपोस्टमागच्या पिवळ्या इमारतीकडे ती टक लावून बघत होती.

"आई, तूही म्हण की!" भोंगा ओरडला.

"काय कपाळ म्हणू? आपल्या बाजूला प्रसूतिगृह होतं तरी कधी? तुम्हा सगळ्यांच्या आया पोट धरून पूल ओलांडून त्या पिवळ्या इमारतीत आल्या होत्या."

भोंग्याचा हात हवेतच राहिला.

"आता उतर खाली आणि दे तो ढोल माझ्या नातजावयाला. मेल्यांनो, एकाच खोलीत पहिलं भोकाड पसरलंत सगळ्यांनी!"