वाढदिवसाची तपासणी

"बसा बाईसाहेब, आजची भवानी तुमच्यापासून," चष्मेवाला म्हणाला.

त्याची बायको तपासणीच्या खुर्चीत बसली. आज तिचा वाढदिवस होता. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवशी तो भेट आणायला विसरला आणि वेळ मारून न्यायला त्याने तिचे डोळे तपासले. ती इतकी हसली, की पुढे तीच रीत होऊन बसली. दर वर्षी, दुकान उघडायच्या आधी.

आज त्याचं लक्ष तपासणीत नव्हतं. काल मुलीचा फोन आला होता, आणि तिला काय कबूल करून बसलो ते बायकोला अजून सांगायचं होतं. त्या धास्तीने तो तिच्या आधी तासभर जिना उतरून दुकानात आला होता. काउंटर पुसलं. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेलं सामान लावलं. दोन डझन फ्रेमा, नवा दिवा, नवा तक्ता. हात चालू होते आणि मनात वाक्यं जुळवणं चालू होतं. सामान लागलं, वाक्यं काही जुळली नाहीत.

दोघांनीही अर्धी निवृत्ती घेतली होती. तो आठवड्यातून तीन सकाळी बसायचा. तिची निवृत्ती जरा जास्तच होती. एकेकाळी जाजमात हरवलेला चष्म्याचा स्क्रू ती उभ्या उभ्या दाखवायची. दोन वर्षांपूर्वी तिने स्क्रूची डबी त्याच्यापुढे सरकवली. "पुरे झालं. माझ्या हातांनाही पेन्शन हवी." तेव्हापासून ती फक्त गिऱ्हाइकांशी बोलायची, आणि त्यासाठीच गिऱ्हाइकं जास्त येतात असं तो थट्टेने म्हणायचा.

बर्फाचे डोंगर बघायचं ठरून अकरा वर्षं झाली होती. एका वर्षी त्याची आई न्हाणीत पडली. एका वर्षी मुलीला जुळी झाली. एका वर्षी मुलाने घर बदललं आणि ह्यांनी त्याची खोकी वाहिली. दर वेळी ती "बरं, पुढच्या वर्षी" म्हणायची आणि बॅगेतले लोकरीचे कपडे पुन्हा कपाटात ठेवायची. तक्रार म्हणून नाही.

यंदा मात्र तिने हट्टच धरला. "यंदाच. पुढचं वर्ष कोणी पाहिलंय?"

तयारी तर विचारू नका. नवे बूट घालून ती रोज जिना चढायची-उतरायची, पायऱ्या मोजत. रस्त्यात त्याचा कोपर धरून चालायची. समोरचा शिंपी एकदा ओरडलाच, "काय काका, या वयात प्रेम उतू चाललंय!" संध्याकाळी सहलीचं पुस्तक त्याच्या हातात द्यायची. "तुम्ही वाचा. तुमच्या तोंडून ऐकलं की डोंगर समोर उभा राहतो." तो वाचायचा. ती विचारायची, संध्याकाळच्या फोटोत बर्फ कसा आहे? तो सांगायचा, गुलाबी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची, आणि तो मनात म्हणायचा, हिला अगदी वेड लागलंय.

निघायचं सोमवारी होतं.

त्याने घसा खाकरला. "अगं, सोमवारचं रद्द करावं लागेल."

ती खुर्चीत ताठ झाली.

"मुलीला नवी नोकरी लागलीय. दोन महिने पोरांकडे बघायला कोणी नाही. मी हो म्हणून बसलो."

"मला न विचारता?"

"नातवंडं आहेत गं आपली. आणि डोंगर काही पळून जात नाहीत."

"डोंगर नाही जात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अहो, मला एक सांगायचं होतं."

"आधी डोळे, मग भांडण. हं, झाक डावा."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग तळहाताने डावा डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

"र," ती म्हणाली. "ग, प. मग ट, ल, क..."

ती पाढे म्हटल्यासारखी वाचायची, आणि ते त्याला नेहमीच आवडायचं. तो तक्त्याकडे बघतसुद्धा नसे. वर्षानुवर्षं ऐकून त्याला अक्षरन्‌अक्षर पाठ होतं. कोट खुंटीवर अडकवून तो तिथेच शेजारी उभा राहायचा आणि ती अर्ध्यावर असतानाच तिच्या कार्डावर 'उत्तम' लिहून टाकायचा. आजही लिहिलं. तिने शेवटची, मुंगीएवढी ओळ न अडखळता म्हटली. उजवा डोळा झाकून पुन्हा सगळं म्हटलं.

त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. "या वयात शेवटची ओळ! अगं, अजून वीस वर्षं डोंगर बघशील तू. उगाच घाई करत होतीस."

तक्त्यावरचा दिवा बंद करायला तो भिंतीपाशी गेला. बटणावर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

सगळ्यात वर तळहाताएवढा 'म' होता. त्याखाली 'च' आणि 'न'. 'र' कुठेच नव्हता. त्याने सगळ्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. 'र'ने सुरू होणारा तक्ता सुतळीने बांधून कोपऱ्यात उभा होता. सकाळी त्यानेच तो भिंतीवरून उतरवून गुंडाळला होता.

त्याचं बोट बटणावरच राहिलं. 

तिने डोळ्यावरचा हात काढला, आणि खुंटीवरच्या कोटाकडे बघून हसत विचारलं, "चुकलं का हो काही?"