वीसच्या वीस ताकदीत

“कुणाला पटायचं नाय हे,” धाकू पाटील म्हणाला, “पण लिबलिब्याला मी मारला. एकट्यानं. अतिकठीणवर.”

त्याची नात सान्वी रिकामा खोका घेऊन उभी होती. खाली कोलशेतच्या गल्लीत टेम्पो लागला होता आणि तिचे पप्पा तिथून हाका मारत होते. तिचं नि तिच्या पप्पांचं बाकी सामान कल्याणच्या नव्या फ्लॅटवर निघालं होतं. उरलं होतं टीव्हीखालचं गेमचं मशीन.

“आजोबा, थापा नको. टेम्पोवाला ओरडतोय.”

“बघ ना मग लावून!”

पैज मागच्या रविवारी लागली होती. राक्षसांच्या त्या गेमचा हा तिसरा भाग, आणि शेवटचा राक्षस दलदलीतला. काळा, बिनहाडाचा, घराएवढा मोठा. धाकूनेच त्याचं नाव लिबलिब्या ठेवलं होतं.

“या घरातल्या कुणीही रविवारपर्यंत त्याला मारलं तर मशीन इथेच,” सान्वी म्हणाली होती. “मी दर रविवारी खेळायला येईन. पण अतिकठीण लेव्हलवर हां.”

“अन् नाय मारला तर?”

“तर मशीन कल्याणला. मग मी काय, जमेल तशी येईन.”

जमेल तसं म्हणजे काय, ते धाकूला ठाऊक होतं. थोरली नात प्राची दिव्याला राहायला गेली, तीही जमेल तशीच यायची. गेल्या गणपतीत आली होती.

तर धाकूने कंबर कसली. आपला गडी घडवायला गेममध्ये वीस गुण मिळतात. ताकद, चपळाई, अक्कल, नशीब यांत वाटायचे. धाकूने वीसच्या वीस ताकदीत घातले.

“आजोबा, अक्कल शून्य?”

“माझी हाय की खरी. ती कशाला वाया घालवू?”

त्याची बायको गोदा शेजारी कोलंबी सोलत बसली होती. तिने नुसतं कपाळाला हात लावला. मग पडद्याकडे मान करून विचारलं, “हे खाली पोत्याचं चित्र कसलं गं?”

“मीठ आहे आजी. कुणी घेत नाही. फुकटचं ओझं.”

“जड आसंल.”

“खूप.”

“आसतंच,” गोदा म्हणाली आणि कोलंबीकडे वळली.

सोमवारी धाकू अकरा वेळा मेला. मंगळवारी चौदा. कुऱ्हाड मारली की ती लिबलिब्याच्या अंगात रुतायची आणि तो धाकूला कुऱ्हाडीसकट गिळायचा. धाकू उशी आपटायचा.

“टीवी फुटंल एक दिवस,” गोदा आतून ओरडायची. “बंद करा ते मेलं! कान किटले माझे.”

त्यात कुणीतरी खोडी काढायला लागलं. बुधवारी संध्याकाळी धाकू खेळायला बसला तर गडी गाढवासारखा रखडत चाललेला. बघतो तर झोळीत मिठाची सहा पोती.

“सान्वे! माझ्या झोळीत मीठ कुणी भरलं?”

“मी कॉलेजला होते आजोबा. आत्ता येतेय.”

“आयुष्यभर मिठागरावर हेच वाहिलं. आता गेममधी पण वाहू?” त्याने सहाच्या सहा पोती दलदलीत फेकली.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा आठ. वर आणखी एक प्रकार. लढून मिळालेले नवे गुण भलतीकडेच पडले होते.

“माझी अक्कल कुणी वाढवली?” धाकू गरजला. “काल शून्य होती, आज नऊ हाय!”

“वाढली आसती तर दिसली नसती?” गोदा आतून म्हणाली.

शुक्रवारी दहा पोती. धाकूने ती फेकली, सान्वीला शिव्या घातल्या, आणखी नऊ वेळा मेला आणि न जेवता झोपला. गोदाने ताट झाकून ठेवलं. तिच्या अंगठ्याला चिंधी होती. कोलंबीचा काटा लागला म्हणाली.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर, रोजच्यासारखाच, सोफ्यावर त्याचा डोळा लागला. चारला उठला तो कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसला. त्या संध्याकाळी मात्र त्याने उशी आपटली नाही.

आता रविवारी सान्वीने मशीन लावलं. दलदल कोरडी पडली होती. लिबलिब्या नव्हता. तिने सेटिंगमध्ये जाऊन लेव्हल तपासली. अतिकठीणच. एकदाही खाली आणलेलं नव्हतं.

खोका तिने जमिनीवर ठेवला.

“आजोबा... खरंच? माझ्या कॉलेजात कुणाला नाही जमलं. कसं मारलंत?”

धाकूने मिशीवरून हात फिरवला.

“सोपं नव्हतं गो. तो समोरून आला. मी मागं नाय हटलो. डाव्या अंगाला सरकलो, कुऱ्हाड अशी उचलली दोन्ही हातांनी, अन् घातली डोक्यात. एकच घाव! दोन फाकी झाल्या. त्याच्यातून काळं पाणी निघालं, माझ्या गुडघ्यापर्यंत. म्हणून सांगतो, वीसच्या वीस ताकदीत घालायचे. अक्कल काय कामाची?”

“मानलं,” सान्वी म्हणाली. खिडकीतून वाकून तिने खाली हाक मारली, “पप्पा, मशीन नाही येत! पैज हरले मी. दर रविवारी मीच इथे येणार!”

धाकू फुगला. “अन् पडता पडता तो म्हणाला, धाकू, तुझ्यासारखा मर्द—”

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. गोदा पदराला हात पुसत दारात आली.

“कुऱ्हाडीनं?” ती म्हणाली. “कुऱ्हाडीनं जळू मरती व्हय कधी? चौदा पोती मीठ ओतलं अंगावर, तवा इरघळला तो मेला. फोड बघ गो माझ्या अंगठ्याला.”