नवरीसाठी विमान

"एका पंख्याचं नको," कॅप्टन मुतहर म्हणाले. "पोरीची पाठवणी काय एका इंजिनावर करायची?"

डाव्या गालात चघळायच्या क़ातच्या पानांचा गोळा होता, त्यामुळे शब्द जरा फुगूनच बाहेर येत होते. संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळात छोटी विमानं ओळीनं उभी होती. एकेक पुढं यायचं, दाखवायला आणलेल्या मुलीसारखं स्वतःभोवती फिरायचं आणि मागं जायचं. कॅप्टनना एकही पसंत पडत नव्हतं.

उल्फत, त्यांची लेक, शेजारी गादीवर मांडीत फोन घेऊन बसली होती. हमूद बसवाल्यानं हो-नाही कळवायला संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानपर्यंत मुदत दिली होती. त्याची गाडी पहाटे सनाहून निघून एडनला जाणार. एडनहून तिचं खरं विमान, आणि अम्मानला तिचा नवरा. निकाह फोनवरच लागला होता. तिकीट होतं, व्हिसा होता, ट्रंक भरून दाराशी उभी होती. नव्हता तो सोबत येणारा पुरुष. बाप, भाऊ नाहीतर नवरा बरोबर असल्याशिवाय चौकीवाले बाईला पुढं सोडत नाहीत. नवरा तिकडं, भाऊ तिला नव्हताच. उरले बाबा, आणि बाबा विमान निवडत बसले होते.

"बाबा, हमूदला काय सांगू?"

"सांग, लढाईनं बंद पाडलेला इथला विमानतळ उघडू दे. माझ्या लेकीला मी स्वतः सोडून येईन."

"कधी उघडणार तो?"

"उघडेल. जन्मभर आभाळातून गेलेला माणूस मी. आता त्या रस्त्यानं जाऊ? चौकीमागून चौकी! खाली उतरा, ट्रंक उघडा, पोरीचे कपडे झटकून दाखवा. मेलो तरी जमायचं नाही."

उल्फतला बापाचा राग आला, आणि लगेच कीवही आली. अडलेल्या माणसाला ओढून चालत नाही, कलानं घ्यावं लागतं. एकदा मनसोक्त उडू दे त्यांना, मग पुन्हा विचारू, असं तिनं ठरवलं.

"मग हे घ्या ना. दोन पंख्यांचं."

"ट्विन ऑटर!" म्हातारा खुलला. "शोभतेस बापाची! याच्यातूनच तेलविहिरींवरची माणसं ने-आण करायचो मी. वाळवंटात हातभर सपाट जागा मिळाली तरी उतरतं बिचारं. हळू जाईल, पण पोचवेल. तुझ्या ट्रंकेचं वजन किती गं?"

"तुम्हीच उचलून बघा. उद्या उचलायचीच आहे."

टोमणा कॅप्टननी ऐकून न ऐकल्यासारखा केला. "थोडं जास्तच धरू. सनाची हवा विरळ, भरलेलं विमान इथं धापा टाकतं." त्यांनी ट्रंकेचं वजन भरलं, लेकीचं भरलं, स्वतःचं भरलं. मग बिस्मिल्ला म्हणून इंजिनं सुरू केली.

खेळातली धावपट्टी धडधाकट होती. विमान धावलं, उचललं, आणि तपकिरी घरं खाली खाली जाऊ लागली. कॅप्टनचा बाक गेला. पाठ ताठ झाली, बोटं हलकी झाली. उल्फतला क्षणभर खरंच वाटलं, आपण निघालो. तिला आनंदानं रडूच यायला लागलं.

त्यांनी वेळ पळवायचं बटण दाबलं. डोंगर भराभर मागं पडले, सरहद्द आली आणि गेली.

"बघा बाबा, गेलो की आपण! अडवलं का कुणी? उद्याही असेच जाऊ. मी असेन ना तुमच्या शेजारी."

कॅप्टननी वेळ पुन्हा नेहमीच्या गतीवर आणली, इंजिनांचा आवाज कमी केला आणि नाक खाली घेतलं.

"काय झालं? तेल भरायचंय का?"

"तेल पुढं भरू. हे बिशा, सरहद्दीपलीकडचा विमानतळ. इथं उतरून झडती द्यायची, मग अम्मान. लढाई लागल्यापासून सनाहून निघालेल्या विमानाला हाच नियम आहे."

"बाबा, हा खेळ आहे."

"मला कळत नाही का?"

"मग इथं कोण विचारतंय तुम्हाला?"

"कुणी विचारलं नाही म्हणून न थांबता जायचं? लेक बसलीय माझ्या विमानात." त्यांचा आवाज चढला आणि तसाच पडला.

ते उतरले मात्र सुरेख. धक्का म्हणून जाणवला नाही. विमान त्यांनी धावपट्टीपासून दूर, एका कोपऱ्यात नेऊन लावलं. इंजिनं बंद केली, दार उघडलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचं खरंखुरं ओळखपत्र काढून हातात धरलं आणि गुडघे जुळवून बसून राहिले.

बाहेर मगरिबची अजान सुरू झाली. उल्फतच्या मांडीतला फोन वाजू लागला.

"बाबा, हमूद आहे. हो म्हणू?"

"थांब जरा," पडद्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले. "आधी यांचं होऊ दे."

"कुणाचं, बाबा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. फोन वाजत राहिला, मग थांबला. उल्फतही पडद्याकडं बघू लागली. खेळ बनवणाऱ्यांनी कसलीच कसर ठेवली नव्हती. लांबचे डोंगर घातले होते, वारा घातला होता, त्या वाऱ्यानं धावपट्टीच्या कडेचं वाळकं गवत हलतसुद्धा होतं. झडती घेऊन 'जा आता' म्हणणारा माणूस तेवढा घातलेला नव्हता.