अबू मुनीरचा कॉम्प्युटर

"देश कुठला, ते विचारतोय," अरीज म्हणाली.

"जॉर्डन सांग. स्वित्झर्लंड सांगितलंस म्हणून कुणी उचलून नेणार नाही तुला," साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून तिचा नवरा बोलला.

निदाल तिकडे कतारमध्ये, दोह्यात, हेच काम करायचा. एका मोठ्या कचेरीत नवे कॉम्प्युटर आले की ते चालू करून, सगळं घालून द्यायचे. दिवसाला दहा-दहा. इकडे इर्बिदमधल्या स्वयंपाकघरात बसलेली अरीज मात्र पहिल्यांदाच एक मांडत होती. लेकीच्या शाळेसाठी त्यानं तो ओळखीच्या माणसाबरोबर धाडला होता. ईदला स्वतः येतो म्हणाला होता. आला तो खोका.

दोन वर्षं झाली होती त्याला बघून. फोन रोज यायचा, पण त्यात तालीनची शाळा, सासूबाईंचे गुडघे आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं का, एवढंच उरलं होतं. आपल्या दोघांत अजून काही शिल्लक आहे का, असं अरीजला विचारायचं असायचं. ते कसं विचारतात ते तिला माहीत नव्हतं. म्हणून आज ती मुद्दाम सावकाश बटणं दाबत होती. तेवढाच वेळ तो फोनवर राहिला असता.

तो म्हणाला, पुढे दाब. ती म्हणाली, अटी वाचतेय.

"अगं, त्या लिहिणाऱ्यानंसुद्धा वाचल्या नसतील. तू म्हणजे खोकल्याच्या औषधातला कागदही उलगडून वाचणारी बाई."

खरंच वाचायची ती. तालीन सात वर्षांची झाली तरी वाचायची. आत्ताही एक डोळा पडद्यावर आणि एक लेकीच्या तेलकट बोटांवर होता. पोरगी तेल आणि झातरचा मसाला लावलेली रोटी खाता खाता बटणांकडे हात नेत होती आणि अरीज तो न बघताच बाजूला करत होती.

खातं टाकायची वेळ आली तेव्हा निदालनं स्वतःचंच टाकायला सांगितलं. शाळेला लागणारं सगळं त्या खात्यावर आधीच होतं. त्याच्या फोनवर आकडे आले, ते त्यानं वाचून दाखवले. तेवढ्यात तिकडे त्याला कुणीतरी बोलावलं. आता नुसतं पुढे-पुढे करत जा, डोकं चालवू नकोस, दोन मिनिटांत आलोच, असं म्हणून तो उठून गेला.

पडद्यावर नवीन प्रश्न आला. हा कॉम्प्युटर तुमच्या आधीच्या कॉम्प्युटरसारखाच मांडायचा आहे का? खाली त्या आधीच्याचं नाव होतं.

अबू मुनीर, घर. शेवटचा वापर आज सकाळी.

अरीजचं बोट तिथंच थांबलं.

अबू मुनीर. मुनीरचा बाप. लग्न झालं त्या दिवसापासून मित्र निदालला याच नावानं हाक मारायचे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं आणि बापानं त्या मुलाच्या नावानं ओळखलं जायचं, हे ठरलेलंच असतं. निदालचे वडील मुनीर. आधी तालीन झाली, तरी त्याची हाक बदलली नाही. मग तीन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात मुलगा झाला. तो रडलाच नाही. पुरुषांनी त्याला त्याच दुपारी नेऊन पुरलं, अरीज तेव्हा दवाखान्यात होती. सासूबाईंनी बजावलं की आता ते नाव या घरात नको. तेव्हापासून निदाल सगळ्यांचा अबू तालीन झाला. बाळाबद्दल त्यानं पुन्हा चकार शब्द काढला नाही. अरीज दुकानात गेली की अजून त्या त्या वयाचे कपडे हातात घेऊन बघायची, आता एवढा असता म्हणून. आपल्या नवऱ्याला त्याचं काहीच नाही, हे तिनं मनात धरून ठेवलं होतं.

आणि तो तिकडे, तो सांगायचा त्या चार पुरुषांच्या खोलीत, रोज सकाळी हे नाव उघडून बसत होता. त्या खोलीला घर म्हणत होता.

तिला हुंदका आवरेना. तिनं तालीनला हात धुवायला पिटाळलं.

"झालं का गं?" फोनमधून आवाज आला. "की अजून अटीच वाचतेयस?"

अरीजनं फोन उचलून कानाला लावला. किती तरी बोलायचं होतं. मी तुला दगड समजत होते, मला माफ कर. मीही त्याचं नाव घेते, भांडी घासताना, नळ मोठा सोडून.

"नाव वाचलं, निदाल," ती रडत म्हणाली. "कॉम्प्युटरचं. अबू मुनीर."

पलीकडे एकदम शांत झालं. तीन वर्षांत आज पहिल्यांदा आपण दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. सावकाश बोल, ती त्याला म्हणाली, मी कुठे जात नाही.

"अल्लाशपथ, अरीज, मी येऊन समोर बसून सांगणार होतो," निदाल म्हणाला. "परवापासून पावलं टाकायला लागलाय मुनीर."